पुरस्कारांच्या यादीत न मावलेला अभिनय

१९३९ साली ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’ या चित्रपटात रॉबर्ट डोनट यांनी एका इंग्लिश निवासी शाळेतल्या लॅटिनच्या मास्तरांची भूमिका केली आणि क्लार्क गेबल, लॉरेन्स ऑलिव्हिए, जेम्स स्टुअर्ट अशा प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळवले. बारा वर्षांनी, १९५१ साली, ‘द ब्राउनिंग व्हर्जन’मध्ये मायकेल रेडग्रेव्ह यांनी तशाच एका शाळेतल्या ग्रीक-लॅटिनच्या मास्तरांची भूमिका केली आणि तिला ऑस्करचे साधे नामांकनही मिळाले नाही. हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले, तर यातले कोणते काम अधिक खोल आहे याबद्दल शंका उरू नये, असे माझे ठाम मत आहे.

डोनट यांचे काम गोड आहे आणि प्रामाणिकही आहे. पस्तिशीही न गाठलेला हा नट आपल्या डोळ्यांदेखत त्र्याऐंशी वर्षांचा म्हातारा होतो. केस पिकतात, पाठ वाकते, आवाजाला कंप सुटतो आणि चार पिढ्यांच्या मुलांचे प्रेम त्याच्या वाट्याला येते. रेडग्रेव्ह यांचा क्रॉकर-हॅरिस मात्र कोणालाच आवडत नाही. मुले त्याला भितात, बायको त्याला तुच्छ लेखते, आजारपणामुळे मुदतीआधी निवृत्त होणाऱ्या या माणसाला शाळा पेन्शनही नाकारते. निरोपाच्या वेळी एक विद्यार्थी त्याला प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या ‘ॲगमेम्नॉन’चा इंग्रज कवी ब्राउनिंगने केलेला अनुवाद भेट म्हणून आणून देतो, आणि वर्षानुवर्षे त्याच कोरड्या, चिरक्या, मोजूनमापून शब्द टाकणाऱ्या आवाजात बोलत आलेला तो माणूस तोंड फिरवून हुंदके देऊ लागतो. रेडग्रेव्ह यांनी तोवर चेहऱ्यावर काहीही उमटू दिलेले नसते, म्हणूनच तो क्षण प्रेक्षकाच्या अंगावर येतो. त्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या परीक्षकांनी रेडग्रेव्ह यांना अभिनयाचे आणि टेरेन्स रॅटिगन यांना पटकथेचे पारितोषिक दिले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

ब्रिटिश चित्रपटांच्या सुवर्णकाळाची ओळख करून घेताना आपण बहुतेक जण पुरस्कारांच्या यादीचा आधार घेतो. प्रसारमंचांवर ऑस्करविजेत्यांचे वेगळे दालन असते, अभिनेत्याच्या निधनानंतरच्या बातमीत नामांकनांची संख्या पहिल्याच वाक्यात येते, आणि फिल्म सोसायट्यांचे महोत्सवसुद्धा पुष्कळदा याच यादीवरून ठरतात. माझे म्हणणे असे आहे की ब्रिटिश अभिनयाच्या बाबतीत ही यादी नुसती अपुरी नाही, ती एका ठरावीक बाजूला झुकलेली आहे. या परंपरेने पडद्याला दिलेली सर्वांत मौल्यवान गोष्ट म्हणजे आवरलेला, आत वळवलेला अभिनय, आणि नेमका तोच या यादीतून पुन्हा पुन्हा सुटलेला आहे.

आपल्याकडे हे समजून घ्यायला चांगली परिभाषा आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले. देहाच्या हालचाली, वाणी, वेशभूषा-रंगभूषा आणि मनाच्या अवस्थेतून आपोआप उमटणारे भाव असे ढोबळमानाने त्यांचे अर्थ. ऑस्करने ब्रिटिश नटांना दिलेल्या पुरस्कारांकडे या चौकटीतून पाहिले, तर आहार्य आणि वाचिक यांचे पारडे जड असल्याचे लगेच ध्यानात येते. चार्ल्स लॉटन यांना १९३३ सालच्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’साठी, ऑलिव्हिए यांना १९४८च्या ‘हॅम्लेट’साठी, रेक्स हॅरिसन यांना १९६४च्या ‘माय फेअर लेडी’साठी ऑस्कर मिळाले. राजा, राजपुत्र आणि शब्दांवर हुकमत गाजवणारा भाषाशास्त्राचा प्राध्यापक. या भूमिका वाईट आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्यांतले श्रम दुरूनही दिसतात, आणि दिसणाऱ्या श्रमांचे मोल करणे कोणालाही सोपे जाते.

उलट बाजूचे उदाहरण म्हणून सीलिया जॉन्सन यांचे नाव मी सर्वांत आधी घेईन. डेव्हिड लीन यांचा ‘ब्रीफ एन्काउंटर’ १९४५ साली ब्रिटनमध्ये आला. लॉरा ही मध्यमवर्गीय गृहिणी आठवड्याच्या खरेदीसाठी रेल्वेने शेजारच्या गावी जाते, स्टेशनवरच्या उपाहारगृहात तिची एका विवाहित डॉक्टरशी ओळख होते, दोघे प्रेमात पडतात आणि काही न घडता वेगळे होतात. एवढीच कथा. शेवटच्या भेटीत एक बडबडी ओळखीची बाई मध्येच येऊन बसते. निरोपाचा शब्दही बोलता येत नाही, डॉक्टर झालेले ट्रेव्हर हॉवर्ड जाताना फक्त तिच्या खांद्यावर हात दाबतात, आणि त्या बाईचे बोलणे चालूच असताना कॅमेरा जॉन्सन यांच्या चेहऱ्यावर राहतो. नंतर ती धावत फलाटाच्या कडेपर्यंत जाते. समोरून भरधाव गाडी जात असते, डब्यांच्या खिडक्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर चमकत आणि विझत राहतो, आणि आत्महत्येच्या उंबरठ्यावरून एक स्त्री मागे फिरलेली आपण पाहतो. यात ना वेष आहे, ना भाषण. चित्रपटभर तिचा आवाज ऐकू येतो तो मनातल्या मनात, नवऱ्याला उद्देशून, कधीच उच्चारल्या न जाणाऱ्या कबुलीजबाबाचा. विचार करणारा चेहरा इतका वेळ, इतक्या जवळून दाखवण्याचे धाडस तेव्हाच्या फार थोड्या चित्रपटांनी केले असेल.

अमेरिकेत हा चित्रपट पुढच्या वर्षी पोहोचल्यामुळे तो १९४६च्या ऑस्करसाठी गणला गेला. जॉन्सन यांना नामांकन मिळाले, पुरस्कार मात्र ‘टू ईच हिज ओन’साठी ऑलिव्हिया डी हॅविलँड यांच्याकडे गेला. त्या भूमिकेतही नायिका तरुण मुलीपासून प्रौढ स्त्रीपर्यंतचा प्रवास करते, म्हणजे वय वाढत जाणे इथेही डोळ्यांना दिसत होते. न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षकांच्या मंडळाने त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून जॉन्सन यांची निवड केली होती, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण रेडग्रेव्ह यांच्या बाबतीत कानमध्ये जे झाले तेच इथे न्यूयॉर्कमध्ये झाले.

जॉन मिल्स यांच्या कारकिर्दीत तर हा फरक एकाच माणसाच्या दोन पुरस्कारांत दिसतो. १९६०च्या ‘ट्यून्स ऑफ ग्लोरी’मध्ये त्यांनी स्कॉटिश पलटणीच्या नव्या कमांडिंग ऑफिसरची, कर्नल बॅरोची भूमिका केली. महायुद्धात जपान्यांच्या कैदेत छळ सोसलेला हा अधिकारी शिस्तीच्या आधाराने स्वतःला कसाबसा सावरून धरतो आणि समोर ॲलेक गिनेस यांच्या रांगड्या, लोकप्रिय मेजर सिंक्लेअरशी गाठ पडल्यावर आतून हळूहळू कोसळत जातो. ताठ मानेखाली चाललेली ही पडझड मिल्स यांनी इतक्या बारकाईने दाखवली की व्हेनिसच्या महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. ऑस्करने त्यांच्या या कामाची दखल घेतली नाही. दहा वर्षांनी ‘रायन्स डॉटर’मध्ये एका आयरिश खेड्यातल्या मुक्या, विद्रूप, गावाच्या टिंगलीचा विषय झालेल्या मायकेलची भूमिका त्यांनी केली आणि सहायक अभिनेत्याचे ऑस्कर त्यांना मिळाले. संवाद नाहीत, चेहरा रंगभूषेने बदललेला, चाल वेडीवाकडी. मेहनत मोठी होती, यात वाद नाही. पण आयुष्यभर साध्या, सभ्य, संकोची माणसांना पडद्यावर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या नटाचा गौरव व्हायला त्याने ओळखू न येण्याइतके बदलावे लागले, हे मला खटकते.

रिचर्ड बर्टन यांचे प्रकरण याहून दुःखद आहे. सात नामांकने आणि एकही ऑस्कर नाही, एवढा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण त्या सातांतले कोणते काम खरे हुकले याची चर्चा क्वचितच होते. माझ्या मते ते १९६५चे ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’. वेल्समधल्या खाणकामगाराच्या घरातून आलेल्या बर्टन यांची सारी कीर्ती त्यांच्या घनगंभीर आवाजावर उभी होती, आणि या चित्रपटातल्या थकलेल्या हेरासाठी त्यांनी तोच आवाज जवळजवळ बाजूला ठेवला. ॲलेक लीमस वाक्ये अर्धवट टाकतो, पुटपुटतो, खांदे पाडून चालतो. ज्या नटाजवळ वाचिक अभिनयाचे एवढे भांडवल आहे, त्याने ते न वापरण्याचा निर्णय घेणे ही अभिनयातली फार मोठी गोष्ट आहे. त्या वर्षी ऑस्कर गेले ‘कॅट बलू’मधल्या दुहेरी भूमिकेसाठी ली मार्व्हिन यांना, आणि त्या दोनांपैकी एका पात्राला चांदीचे नाक होते. ब्रिटिश चित्रपट अकादमीने (बाफ्टा) मात्र बर्टन यांच्या या भूमिकेची आणि ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’मधल्या भूमिकेची एकत्र दखल घेऊन त्यांना सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेता ठरवले.

हे असे का घडते, याचे उत्तर कोणाच्या दुष्टाव्यात शोधण्याचे कारण नाही. ते निवडीच्या पद्धतीत आहे. ऑस्करसाठी अभिनयाची नामांकने अकादमीच्या अभिनेत्यांची शाखा ठरवते, पण अंतिम मतदान सगळे सभासद करतात, आणि प्रत्येक जण आपापल्या मतपत्रिकेवर एकट्याने खूण करतो. अंतिम फेरीत मत देण्यापूर्वी त्या विभागातली सगळी नामांकित कामे पाहिलीच पाहिजेत, असा नियम अकादमीने २०२५ साली जाहीर केला, यावरूनच त्याआधीच्या काळाची कल्पना यावी. शिवाय चित्रपट लॉस एंजेलिसच्या चित्रगृहांत लागलेला असला पाहिजे, अशी अट दीर्घकाळ होती. त्यामुळे ज्या ब्रिटिश चित्रपटांमागे अमेरिकी कंपनी उभी होती त्यांना वाट मोकळी असे. ‘मिस्टर चिप्स’ इंग्लंडमध्ये चित्रित झाला असला तरी तो मेट्रो-गोल्डविन-मायरचा होता, आणि ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ व ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ या दोन्हींमागे कोलंबिया होती. हजारो मतांच्या बेरजेत, थोड्या आठवणीवर आणि पुष्कळशा प्रसिद्धीवर जे काम तग धरते ते ठळक असावेच लागते. म्हातारपण, व्यंग, मुकुट, परका उच्चार या गोष्टी सहा महिन्यांनीही आठवतात. फलाटावरचा चेहरा आठवायला तो नुकताच आणि नीट पाहिलेला असावा लागतो. कान आणि व्हेनिसचे परीक्षक मंडळ मोजक्या लोकांचे असते. ते थोड्या दिवसांत सगळे चित्रपट पाहते आणि एका टेबलाभोवती बसून वाद घालते. अशा वादात एखादा परीक्षक ‘तो शेवटचा प्रसंग पुन्हा आठवून पाहा’ असे म्हणू शकतो. मतपत्रिकेला ती सोय नाही.

परीक्षक मंडळेही चुकतात, त्यांच्यात गटबाजी असते, हा आक्षेप मला मान्य आहे. ऑस्करने संयत अभिनय कधी ओळखलाच नाही असेही नाही. ‘रिव्हर क्वाय’मधल्या, जपान्यांच्या कैदेत असलेल्या कर्नल निकोल्सनसाठी १९५७चे ऑस्कर गिनेस यांना मिळाले ते अगदी योग्य होते. पूल पूर्ण झाल्यावर कठड्याला टेकून निकोल्सन आपल्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीबद्दल बोलतो, तेव्हा कॅमेरा बराच वेळ त्याच्या मागे आहे. चेहरा दिसत नसताना केवळ पाठीच्या ठेवणीतून आणि शांत स्वरातून एका माणसाची आयुष्याला अर्थ असावा ही भूक गिनेस दाखवतात, आणि शत्रूसाठी पूल बांधण्याचे त्याचे वेड त्या क्षणी आपल्याला कळते. पॉल स्कोफिल्ड यांना १९६६च्या ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’साठी मिळालेले ऑस्कर त्याहून महत्त्वाचे. आठव्या हेन्रीचा एके काळचा मंत्री सर थॉमस मोर राजाच्या विवाहाबद्दल आणि धर्मसत्तेबद्दल काही न बोलणे हाच आपला कायदेशीर बचाव मानतो, म्हणजे गप्प राहणे हा इथे कथेचाच गाभा आहे. स्कोफिल्ड हे मुख्यतः रंगभूमीचे नट. त्यांनी चित्रपट फार थोडे केले, आणि पुरस्काराच्या प्रकाशामुळे तरी ही भूमिका जगभर पोहोचली. पुरस्कारांचा हा उपयोग नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु तो चित्रपट एका गाजलेल्या नाटकावर आधारलेला होता, पोशाखी इतिहासपट होता, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा ऑस्कर मिळाली. अशा भव्य चौकटीत बसवलेले मौन मतदारांना दिसले. उपाहारगृहातल्या साध्या टेबलावरचे मौन दिसले नाही.

विनोदाच्या बाबतीत मात्र माझे हे सूत्र नीट लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ या १९४९च्या चित्रपटात गिनेस यांनी एकाच उमराव घराण्यातली आठ माणसे उभी केली. आहार्य अभिनयाचा याहून मोठा उत्सव नसेल, तरी ऑस्करने तिकडे पाहिले नाही. विनोदाला कमी लेखण्याची खोड पुरस्कारांना सर्वत्र असते आणि ती स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

रंग आणि वेष बदलण्याच्या या कौतुकाची एक बाजू आपल्याशी थेट निगडित आहे. १९६५च्या ‘ऑथेल्लो’मध्ये ऑलिव्हिए यांनी चेहऱ्याला आणि अंगाला काळा रंग फासून भूमिका केली आणि त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. आज तो चित्रपट पाहताना अवघडल्यासारखे होते. १९८४ साली लीन यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये गिनेस प्रोफेसर गोडबोले झाले. ई. एम. फॉर्स्टर यांच्या कादंबरीतला हा दख्खनी ब्राह्मण केवळ आडनावाने मराठी नाही. कादंबरीच्या शेवटच्या भागात जन्माष्टमीच्या उत्सवात तो तुकारामाच्या नावाचा गजर करतो, आणि त्या वर्णनामागे देवासच्या मराठा संस्थानात महाराजांचे खाजगी सचिव म्हणून फॉर्स्टर यांनी १९२१ साली घालवलेला काळ आहे. गिनेस यांच्यासारख्या थोर नटाच्या हाती हे पात्र नुसते रंगवलेले राहिले, कारण त्या माणसाच्या श्रद्धेचा आतला झरा त्यांना सापडला नाही. त्याच चित्रपटात मिसेस मूर झालेल्या पेगी ॲशक्रॉफ्ट यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, आणि ते रास्त होते. गुहेतल्या प्रतिध्वनीनंतर त्या वृद्ध स्त्रीचा जगावरचा विश्वास उडत जातो तो बव्हंशी न बोलता. परंतु कथेचा सारा भार वाहणाऱ्या डॉ. अझीझच्या भूमिकेतल्या व्हिक्टर बॅनर्जी यांना ऑस्करने वगळले. ब्रिटिश अकादमीने त्यांना नामांकन दिले.

‘गांधी’ या १९८२च्या चित्रपटाच्या बाबतीतही तेच झाले. बेन किंग्जली यांना मिळालेले ऑस्कर मला पूर्णपणे मान्य आहे. साधर्म्य आणि वजन घटवण्याच्या पलीकडे जाऊन त्यांनी गांधींची थट्टेखोर चपळाई पकडली होती. मात्र अकरा नामांकने मिळवणाऱ्या त्या चित्रपटाला अभिनयाचे नामांकन मिळाले ते एवढे एकच. कस्तुरबांची भूमिका करणाऱ्या रोहिणी हट्टंगडी ऑस्करच्या यादीत नव्हत्या. ब्रिटिश अकादमीने सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना, मॉरीन स्टेपल्टन यांच्याबरोबर विभागून, दिला. गांधींशी वाद घालणारी, त्यांच्या हट्टापुढे आधी चिडून आणि मग समजून उमजून नमणारी बायको हट्टंगडी यांनी तिशीच्या आसपास उभी केली, आणि तीही चित्रपटाने तिला दिलेल्या मोजक्या प्रसंगांत. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना त्याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळाले, याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. हट्टंगडी यांच्या पुरस्काराची आठवण मात्र त्यामानाने फारच कमी काढली जाते, आणि याला कारण आपल्याही मनात ऑस्करखेरीज दुसरे माप नसणे हेच आहे. त्याच चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी केलेले गोपाळ कृष्ण गोखले तर किती जणांच्या लक्षात असतील?

हुकलेल्या पुरस्कारांची भरपाई म्हणून मानद ऑस्कर देण्याची प्रथा आहे. सहा नामांकनांनंतर डेबोरा कर यांना ते १९९४ साली मिळाले, पीटर ओ’टूल यांना २००३ साली. आपण अजून स्पर्धेत आहोत, तेव्हा थोडे थांबावे, असे ओ’टूल यांनी आधी कळवले होते, आणि नंतर २००६च्या ‘व्हीनस’साठी त्यांना आठवे नामांकन मिळाले, तेही रितेच गेले. बर्टन, जेम्स मेसन आणि रेडग्रेव्ह यांच्या वाट्याला हे उशिराचे सौजन्यही आले नाही. डर्क बोगार्ड यांना तर ऑस्करचे एकही नामांकन कधी मिळाले नाही. ‘व्हिक्टिम’ या १९६१च्या चित्रपटात त्यांनी समलिंगी ओढ मनात दाबून जगणाऱ्या बॅरिस्टरची भूमिका स्वीकारली, तेव्हा ब्रिटनमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो कायदा बदलायला १९६७ साल उजाडावे लागले. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या नटाने पत्करलेला तो धोका आणि पत्नीसमोर सत्य सांगताना त्यांनी सांभाळलेला तोल, हे दोन्ही कोणत्याही पुतळ्यापेक्षा मोठे आहे.

यावर करता येण्याजोगी गोष्ट अवघड नाही. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, चित्रपट रसास्वादाची परंपरा आहे, राज्यभर फिल्म सोसायट्या आहेत. त्यांनी ब्रिटिश चित्रपटांचे कार्यक्रम आखताना पुरस्कारविजेता चित्रपट एकटा न दाखवता त्याच्या शेजारी त्याच नटाचे किंवा त्याच विषयावरचे उपेक्षित काम ठेवावे. ‘रायन्स डॉटर’बरोबर ‘ट्यून्स ऑफ ग्लोरी’, ‘मिस्टर चिप्स’बरोबर ‘द ब्राउनिंग व्हर्जन’. अँथनी हॉपकिन्स यांना १९९१च्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’साठी ऑस्कर मिळाले, तर त्याच्या जोडीला दोन वर्षांनी आलेला, मुंबईत जन्मलेल्या इस्माइल मर्चंट यांनी निर्मिलेला ‘द रिमेन्स ऑफ द डे’ असावा. त्यातल्या हॉपकिन्स यांच्या बटलरच्या मुठीतून एमा थॉम्प्सन एकेक बोट सोडवत पुस्तक काढून घेतात, आणि तो हलतही नाही. मध्यंतरानंतर दिवे लावून प्रेक्षकांना या दोन भूमिकांबद्दल बोलू द्यावे, मतदान घेऊ नये.